राष्ट्रसंकटाच्या वेळीं युद्धनौकेवर

राष्ट्रावर एखादें संकट येऊन कोसळलें म्हणजे जमिनीवर राहणारा मनुष्य प्रथम बातमीच्या मागें लागतो. तो वर्तमानपत्र उघडतो, रेडिओपाशीं जाऊन बसतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारतो, आणि जें कळेल त्यावरून आपल्या मनाची समजूत घालतो. त्याच्या हातीं करण्यासारखें बहुधा कांहींच नसतें. परंतु जाणून घेण्यासारखें पुष्कळ असतें. युद्धनौकेवर चाकरीस असलेल्या मनुष्याची स्थिति याच्या अगदीं उलट असते. त्याच्या हातीं तोफ असते, पाणतीर असतो, आणि त्याच्या एका कृतीनें युद्ध पेटूं शकतें. परंतु जगांत काय चाललें आहे याची वार्ता त्याला सर्वांच्या शेवटीं आणि सर्वांत थोडी मिळते. वादळाच्या आणि शत्रूच्या गोळ्यांच्या कसोटीपेक्षां ही अज्ञानाची कसोटी अधिक कठीण असते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. तें यावें म्हणून इ. स. १९६२ च्या ऑक्टोबर महिन्यांत अटलांटिक महासागरांत जें घडलें त्याची हकीकत येथें थोडी विस्तारानें देण्याचें योजिलें आहे.

त्या महिन्याचें स्मरण आपल्या देशांत निराळ्या कारणानें केलें जातें. ता. २० ऑक्टोबर १९६२ रोजीं चीनच्या सैन्यानें आपल्या उत्तर सीमेवर मोठी चढाई केली, आणि आपल्याकडे घरोघर तिचीच चिंता होती. त्याच आठवड्यांत पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस एक दुसरें संकट उभें राहिलें होतें, आणि त्याची झळ कोणत्याही एका देशापुरती राहणारी नव्हती.

क्यूबा हें बेट अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांताच्या दक्षिण टोकापासून सुमारें ९० मैलांवर आहे. इ. स. १९५९ मध्यें फिडेल कॅस्ट्रो यांनीं तेथील जुनी राजवट उलथून टाकली, आणि पुढें लवकरच त्यांचें व अमेरिकेचें वितुष्ट आलें. एप्रिल १९६१ मध्यें क्यूबांतून परागंदा झालेल्या लोकांनीं अमेरिकेच्या साहाय्यानें त्या बेटावर स्वारी केली. ती पूर्णपणें फसली. त्यानंतर सोव्हिएट रशियाचे प्रमुख निकिता ख्रुश्चेव्ह यांनीं क्यूबांत गुप्तपणें अण्वस्त्रें नेऊन ठेवण्याचा बेत केला. अमेरिकेनेंही तुर्कस्थानांत, म्हणजे रशियाच्या उंबरठ्यावरच, तसलींच क्षेपणास्त्रें उभीं केलेलीं होतीं. तेव्हां आपण कांहीं जगावेगळें करीत आहों असें रशियास वाटलें नाहीं. ता. १४ ऑक्टोबर रोजीं एका अमेरिकन विमानानें फार उंचावरून क्यूबाचीं छायाचित्रें घेतलीं, त्यांत हीं क्षेपणास्त्रांचीं ठाणीं दिसून आलीं, आणि ता. १६ रोजीं तीं छायाचित्रें अध्यक्ष जॉन केनेडी यांच्यापुढें ठेवण्यांत आलीं.

एकदम बॉम्बहल्ला करावा, बेटावर फौजा उतरवाव्या, कीं समुद्राकडून वाट अडवावी, या प्रश्नांवर जवळजवळ एक आठवडा गुप्त खल झाला. अखेर शेवटचा मार्ग पत्करण्यांत आला, आणि ता. २२ च्या सायंकाळीं केनेडी यांनीं तो आपल्या राष्ट्रास उद्देशून केलेल्या भाषणांत जाहीर केला. दुसऱ्या राष्ट्राच्या किनाऱ्याची नाकेबंदी करणें हें आंतरराष्ट्रीय कायद्यानें युद्धाचेंच कृत्य मानलें जातें. म्हणून त्यांनीं तो शब्द टाळून ‘क्वारंटाइन’ हा शब्द योजिला. सांथीच्या रोगाचा संशय असलेलें जहाज पूर्वी बंदराबाहेर ४० दिवस थांबवून ठेवीत. त्या चाळीस दिवसांवरून हा शब्द निघाला आहे. नांव सौम्य असलें तरी काम सौम्य नव्हतें. ता. २४ च्या सकाळीं १० वाजल्यापासून क्यूबाकडे शस्त्रास्त्रें घेऊन जाणारें कोणतेंही जहाज अडवावें, तपासावें, आणि न थांबल्यास बळानें थांबवावें, असा हुकूम अमेरिकन आरमारास सुटला.

आतां या आरमारावरील खलाशांची स्थिति पाहूं. क्यूबाच्याच भूमीवर ग्वांटानामो येथें अमेरिकेचें आरमारी ठाणें आहे. तेथें अधिकारी व खलाशी यांचीं कुटुंबें राहत असत. अध्यक्षांचें भाषण होण्यापूर्वीं त्याच दिवशीं सुमारें २८०० बायकामुलांस थोड्याशा अवधींत आवराआवर करावयास सांगून जहाजांनीं व विमानांनीं स्वदेशीं रवाना करण्यांत आलें. मागें राहिलेल्या पुरुषांस तेव्हां काय वाटलें असेल त्याची कल्पना कोणासही करतां येईल. समुद्रावर असलेल्या जहाजांत पाळीपाळीनें पहारे चालले होते. पहारा संपला तरी झोंपेची शाश्वति नव्हती, कारण कोणत्याही क्षणीं युद्धसज्जतेची घंटा झाली कीं ज्यानें त्यानें आपआपल्या जागीं धांवावयाचें असे. ता. २६ रोजीं दोन विनाशिकांनीं ‘मारुक्ला’ नांवाचें एक मालवाहू जहाज अडविलें. तें लेबाननमध्यें नोंदलेलें असून रशियानें भाड्यानें घेतलेलें होतें. अमेरिकन शिपायांची तुकडी त्यावर चढली, कागदपत्र व माल पाहिला, आक्षेप घेण्यासारखें कांहीं आढळलें नाहीं, आणि जहाज पुढें जाऊं दिलें. या दोन विनाशिकांपैकीं एकीचें नांव अध्यक्षांच्या १९४४ सालीं युद्धांत मृत्यु पावलेल्या वडील बंधूंच्या नांवावरून ठेवलेलें होतें. एवढीच ही घटना. परंतु त्या जहाजावर चढणाऱ्या तरुणांपैकीं एकाचा जरी हात बंदुकीच्या चापावर चुकून दाबला गेला असता, तरी पुढें काय झालें असतें तें सांगतां येत नाहीं.

तथापि खरें संकट पाण्याच्या वर नव्हतें. तें पाण्याखालीं होतें. ता. १ ऑक्टोबर रोजीं, म्हणजे जगास कांहींच ठाऊक नसतांना, रशियाच्या अगदीं उत्तरेकडील कोला द्वीपकल्पांतून चार पाणबुड्या क्यूबाकडे निघाल्या होत्या. बी-४, बी-३६, बी-५९ आणि बी-१३० अशीं त्यांचीं नांवें. प्रत्येकींत सुमारें ८० माणसें होतीं. आपण कोठें जात आहों हें निघतेवेळीं खलाशांस सांगितलेलें नव्हतें. हुकमाचे लखोटे बंद होते, आणि ते समुद्रांत गेल्यावर फोडावयाचे होते. प्रत्येक पाणबुडीवर बाकीच्या साध्या पाणतीरांबरोबर एक पाणतीर अणुस्फोटकाचा होता, आणि त्याची शक्ति १९४५ सालीं हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या जवळपास होती. ही गोष्ट अमेरिकन आरमारास मुळींच ठाऊक नव्हती.

या प्रकारच्या पाणबुडीची रचना समजून घेतल्यावांचून पुढील प्रसंग नीट कळणार नाहीं. पाण्यावर असतांना ती डीझेल एंजिनांनीं चालते. एंजिनास हवा लागते, ती पाण्याखालीं मिळत नाहीं; म्हणून बुडी मारल्यावर ती मोठमोठ्या बॅटऱ्यांत साठविलेल्या विजेवर चालवावी लागते. बॅटऱ्यांतील वीज संपत आली म्हणजे पुन्हां वर यावें लागतें, किंवा निदान हवा ओढणारी नळी पाण्याबाहेर काढून एंजिनें चालवावीं लागतात. म्हणजे देवमासा जसा श्वासासाठीं वर येतो तशीच ही पाणबुडीही फार काळ खालीं राहूं शकत नाहीं. शत्रूस हें पक्कें माहीत असतें. विनाशिका पाण्यांत ध्वनीचे ठोके सोडते. ते पाणबुडीच्या अंगावर आपटून परत येतात व ती कोठें आहे तें सांगतात. पाणबुडींतील माणसांस ते ठोके कानांनीं ऐकूं येतात. विनाशिका वर बसून वाट पाहते. खालच्यांची वीज आणि हवा दोन्ही आटत जातात.

त्यांतून या पाणबुड्या उत्तरेच्या बर्फाळ समुद्रासाठीं बांधलेल्या. क्यूबाजवळचें पाणी ऊन, आंत थंडाव्याची सोय नाहीं, आणि एंजिनांची उष्णता बाहेर जाण्यास वाट नाहीं. त्यामुळें आंतील उष्णमान ४५ ते ५० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढलें, व एंजिनांच्या दालनांत त्याहूनही अधिक झालें. पिण्याचें पाणी माणशीं दिवसास एक पेला इतकेंच मिळूं लागलें. अंगावर पुरळ उठून तें चिघळलें. श्वासावाटे बाहेर पडणारा दूषित वायु सांठत गेल्यामुळें डोकीं दुखत आणि पहाऱ्यावरील माणसें भोंवळ येऊन पडत. आपल्याकडे वैशाखांतील दुपारीं बंद खोलींत दोन तास बसावें लागलें तर मनुष्य शेजाऱ्यावर खेंकसूं लागतो. येथें तर आठवड्यामागून आठवडे तसे गेले होते.

शरीराच्या या हालापेक्षांही वार्तेचा दुष्काळ अधिक भयंकर होता. बिनतारी संदेशाच्या लहरी समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत खोलवर जात नाहींत. संदेश ऐकावयाचा तर पाणबुडीनें पृष्ठभागाजवळ येऊन आपली तार पाण्याबाहेर काढावयास हवी. आणि तसें केलें कीं शत्रूचीं विमानें तिला टिपतात. मॉस्कोहून संदेश येण्याची वेळ तेथील मध्यरात्रीची ठरलेली असे. परंतु मॉस्कोंत मध्यरात्र असते तेव्हां क्यूबाच्या बाजूस दुपार टळत असते! अंधारांत डोकें वर काढण्याऐवजीं भर उजेडांत काढावें लागे. कधींमधीं अमेरिकन रेडिओवरील लोकांसाठीं दिलेल्या बातम्या कानीं पडत, त्यांवरून दोन राष्ट्रांत बिनसलें आहे एवढें कळलें. पुढें बी-५९ जेव्हां खोल गेली, तेव्हां तेंही थांबलें. युद्ध सुरू झालें आहे कीं नाहीं, हा साधा प्रश्न. परंतु त्याचें उत्तर त्या पाणबुडींतील कोणापाशींही नव्हतें.

अमेरिकन आरमारानें यावर एक उपाय योजिला होता. पाणबुडी आढळल्यास तिच्यावर खरा हल्ला न करितां, सरावासाठीं वापरले जाणारे लहान स्फोटक गोळे पाण्यांत टाकावे, आणि त्या आवाजांवरून तिनें ‘वर या’ अशी खूण ओळखावी, असें ठरलें. ही खूण मॉस्कोस कळविण्यांतही आली. परंतु ती पाणबुड्यांपर्यंत पोहोंचलीच नाहीं. म्हणजे वरच्यांच्या मनानें जी केवळ सूचना होती, ती खालच्यांच्या कानांस हल्लाच वाटणार होती. केनेडी यांचे धाकटे बंधु रॉबर्ट यांनीं पुढें आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे कीं, ता. २४ रोजीं पाणबुड्यांची ही गोष्ट निघाली त्या घटकांइतकी काळजी अध्यक्षांस दुसऱ्या कशाचीही वाटली नव्हती. केनेडी स्वतः १९४३ सालीं पॅसिफिक महासागरांत एका लहान युद्धनौकेचे अधिकारी होते, आणि त्यांची नौका जपानी विनाशिकेखालीं दुभंगली होती. समुद्रावर एका क्षणांत काय होतें, हें त्यांनीं स्वतः पाहिलें होतें.

ता. २७ ऑक्टोबर, शनिवार. त्या दिवशीं क्यूबावर एक अमेरिकन विमान पाडलें गेलें आणि त्याचा वैमानिक, मेजर रुडॉल्फ अँडरसन, ठार झाला. त्याच दिवशीं ‘रँडॉल्फ’ या विमानवाहू जहाजाच्या तुकडीनें बी-५९ ला गांठलें. ‘बील’ या विनाशिकेनें सरावाचे गोळे टाकले, ‘कोनी’ या दुसरीनें हातगोळे टाकले. खालच्या लोखंडी नळींत त्यांचा आवाज कसा घुमत होता, तें आंत असलेल्या व्हदिम ओर्लोव्ह नांवाच्या अधिकाऱ्यानें पुढें सांगितलें: लोखंडाच्या पिंपांत बसावें आणि बाहेरून कोणी सारखे घणाचे घाव घालावे, तसें तें होतें. बॅटऱ्या संपत आल्या होत्या. मॉस्कोशीं संबंध तुटलेला होता. कप्तान व्हॅलेंटिन सावित्स्की हे दमलेले आणि संतापलेले होते. ओर्लोव्ह यांच्या कथनाप्रमाणें, वर युद्ध सुरू झालें असलें पाहिजे आणि आपण नुसते मार खात आहों, असें मानून कप्तानांनीं अणुपाणतीर सज्ज करण्याचा हुकूम दिला.

त्या वेळीं पाणबुडीवर आणखी दोन वरिष्ठ अधिकारी होते. एक राजकीय अधिकारी इव्हान मास्लेनिकोव्ह, आणि दुसरे वासिली अर्खिपोव्ह. अर्खिपोव्ह हे चारही पाणबुड्यांच्या पथकाचे मुख्य सहायक अधिकारी. हुद्द्यानें ते कप्तानांच्या बरोबरीचे, आणि योगायोगानें याच पाणबुडींतून प्रवास करीत होते. कप्तानांनीं या दोघांशीं विचारविनिमय केला. अर्खिपोव्ह यांनीं संमति दिली नाहीं. त्यांनीं आवाज न चढवितां कप्तानांस शांत केलें, आणि वर येऊन मॉस्कोच्या हुकमाची वाट पाहणें हेंच योग्य, असा सल्ला दिला. कप्तानांनींही आपला राग आवरला. पाणतीर सुटला नाहीं. त्या रात्रीं बी-५९ पाण्यावर आली.

हा शांतपणा अर्खिपोव्ह यांनीं कोठून मिळविला? १९६१ च्या जुलै महिन्यांत ते के-१९ या अणुशक्तीनें चालणाऱ्या पाणबुडीवर दुय्यम अधिकारी होते. तिच्या अणुभट्टीची थंड करण्याची यंत्रणा बिघडली, आणि ती दुरुस्त करण्यासाठीं आंत गेलेल्यांपैकीं ८ जण किरणोत्सर्गानें तीन आठवड्यांच्या आंत मरण पावले. अणूची शक्ति माणसाचें काय करते, हें त्यांनीं आपल्या सोबत्यांच्या देहांवर पाहिलेलें होतें. शिवाय त्या प्रसंगीं त्यांनीं आपल्या कप्तानाची बाजू निष्ठेनें राखली होती. त्यामुळें त्यांच्या शब्दास अधिकाराहूनही मोठें वजन प्राप्त झालें होतें.

वर आल्यावरही धोका टळला नव्हता. भोंवतीं विनाशिका, डोक्यावर विमानें, आणि डोळे दिपविणारे दिवे. एका विमानानें तेजस्वी प्रकाश देणारे गोळे टाकले, तेव्हां हा हल्लाच आहे असें पाणबुडीस क्षणभर वाटलें. ‘कोनी’ वरील एका अधिकाऱ्यानें पुढें सांगितलें आहे कीं, त्या वेळीं आम्हीं दिव्याच्या खुणांनीं त्या विमानाच्या वर्तनाबद्दल क्षमा मागितली, आणि ती रशियन कप्तानांनीं स्वीकारली. युद्धाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या दोन जहाजांत क्षमेची देवघेव झाली, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसऱ्या दिवशीं, ता. २८ रोजीं, ख्रुश्चेव्ह यांनीं क्यूबांतील क्षेपणास्त्रें काढून घेण्याचें मॉस्को रेडिओवरून जाहीर केलें. ता. २० नोव्हेंबर रोजीं अमेरिकेनें नाकेबंदी उठविली, आणि १९६३ च्या एप्रिलमध्यें तुर्कस्थानांतील आपलीं क्षेपणास्त्रेंही काढून नेलीं. पाणबुड्या घरीं परतल्या तेव्हां त्यांच्या स्वागतास कोणी हार घेऊन उभें नव्हतें. चारांपैकीं तिघींस शत्रूसमोर पाण्यावर यावें लागलें, याबद्दल वरिष्ठांची नाराजीच त्यांच्या वांट्यास आली. अर्खिपोव्ह पुढें व्हाइस ॲडमिरल झाले, आणि १९९८ मध्यें वारले. २००२ सालीं हवाना येथें या संकटास ४० वर्षें झाल्यानिमित्त दोन्ही बाजूंचे लोक एकत्र जमले, तेव्हां ओर्लोव्ह यांची हकीकत जगापुढें आली. ज्यानें आपल्या शब्दानें एवढा अनर्थ टाळला, त्याला आपल्या हयातींत त्याबद्दल लौकिक मिळाला नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आरमारी सेवा म्हटली म्हणजे शौर्य आणि आज्ञापालन हे दोन गुण आपल्या डोळ्यांपुढें येतात. ते आवश्यक आहेतच. पहाऱ्यावर भोंवळ येऊन पडेपर्यंत उभा राहणारा खलाशी, आणि ‘मारुक्ला’ वर शांतपणें चढून कागदपत्र तपासून परत येणारा शिपाई, यांच्या शिस्तीवांचून तो आठवडा सुखरूप पार पडला नसता. परंतु त्या शनिवारीं या दोन गुणांबरोबर तिसऱ्याचीही गरज पडली. ‘मला ठाऊक नाहीं’ हें स्वतःशीं कबूल करण्याचें धैर्य, तोच तो गुण. सावित्स्की भित्रे नव्हते कीं दुष्ट नव्हते. वर युद्ध पेटलें असेल, हा त्यांचा तर्क होता, आणि उष्णता, तहान व आवाज यांनीं त्या तर्काला क्षणभर निश्चयाचें रूप दिलें. अर्खिपोव्ह यांच्यापाशीं कप्तानांहून अधिक बातमी नव्हती. आपल्याला बातमी नाहीं, एवढेंच ते विसरले नाहींत. आणि जें ठाऊक नाहीं त्याच्या आधारावर न परतवितां येणारें कृत्य करूं नये, इतकाच त्यांचा आग्रह होता.

आपणांपैकीं कांहीं जण पुढें आरमारांत जातील; मुंबईच्या गोदींत उभ्या असलेल्या युद्धनौका पाहून तशी इच्छा पुष्कळांच्या मनांत उत्पन्न होते, आणि ती स्तुत्य आहे. बाकीचे जमिनीवरच राहतील. परंतु अर्धवट ऐकलेल्या गोष्टीवरून मधल्या सुटींत हातघाईवर येणारीं मुलें, आणि कानांवर आलेल्या अफवेवरून शेजाऱ्याच्या घरावर दगड उचलणारीं मोठीं माणसें, आपण सर्वांनींच पाहिलेलीं आहेत. शांति राखणाऱ्यांस धन्य म्हणणारी शिकवण आपण प्रार्थनेच्या वेळीं वारंवार ऐकतों. ती ऐकतांना, समुद्राच्या तळाशीं कोंदट काळोखांत उभा राहून आपल्या सोबत्याला ‘थांबूं या’ असें सांगणाऱ्या त्या खलाशाचेंही स्मरण होत जावें, एवढीच इच्छा आहे.